विठ्ठलरावांचं पथ्य

बेबीताईंनी तेलाची पळी खुंटीला टांगली आणि चहाचा चमचा हातात घेतला. दोन चमचे तेल मोजून कढईत टाकलं. कढईचा तळसुद्धा धड भिजला नाही.

"एवढ्यात वांग्याची भाजी होते का वं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"होते आई. झाकन ठेवा, वाफेवर शिजू द्या," अर्पिता म्हणाली.

वांगी शिजली, पण वर तेलाची तर्री काही आली नाही. बेबीताईंच्या तर्रीचं बोरी अरब गावात असं नाव होतं, की लग्नघरचे आचारी त्यांना विचारून मसाला भाजत. आता नाव गेलं तर गेलं. नवऱ्यापुढं तर्रीचं काय घेऊन बसलात?

गावातल्या आरोग्य शिबिरात नवरा-बायको दोघांनीही तपासणीसाठी रक्त दिलं होतं. रिपोर्ट आणायला विठ्ठलराव सुनेला घेऊन दारव्ह्याला गेले आणि तोंड पाडून परत आले.

"साखर वाढली म्हनते," ते ओसरीवर टेकत म्हणाले. "तीन महिने पथ्य करून पाहा, नाही उतरली त जलमभर गोळी."

बेबीताई मटकन खाली बसल्या. त्यांच्या वडिलांचा पाय याच साखरेनं गेला होता. अंगठ्यावरच्या एवढ्याशा जखमेपासून सुरुवात झाली होती आणि त्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. घटकाभर त्या रडल्या. मग पदर खोचून उठल्या.

"मी हाय ना! पाह्यतोच कशी उतरत नाही ते."

बेबीताई तशाच होत्या. स्वतःचे गुडघे ठणकत असले तरी मालिशची बाटली महिनाभर फळीवर धूळ खात पडे. नवऱ्याला एक शिंक आली की मात्र काढा तयार.

सगळंच एकदम बदललं तर माणूस ताटावरून उठून जाईल, हे त्या जाणून होत्या. म्हणून आठवड्याला एकच बदल करायचा, असं सासू-सुनेचं ठरलं. आधी तेल कमी झालं. मग रात्रीची पोळी जाऊन ज्वारीची भाकर आली. तिच्यासोबत जवसाची चटणी असली की विठ्ठलराव बोटं चाटत. भाताचा ढीग निम्म्यावर आला आणि शेजारी मोडाच्या मटकीची उसळ बसली. पापडाला भाजून घेण्याची सवय लागली. वांग्याची ती बिनतर्रीची भाजी तर शेजारीण वाटीभर मागून नेऊ लागली, तेव्हा बेबीताईंची छाती पुन्हा फुगली.

पण पुरुषाचं पथ्य म्हणजे बाईला सक्तमजुरी.

"माह्यासाठी येगळं शिजवू नको," विठ्ठलरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "जे मले, थेच तुले."

वेगळं कशाला लागतंय? लग्न झाल्यापासून बेबीताई नवऱ्याच्याच ताटात त्याच्यामागून जेवत आल्या होत्या. आपलं ताट घ्या म्हणून अर्पितानं शंभरदा सांगून पाहिलं, तरी त्यांनी ऐकलं नव्हतं. मग चहाची पाळी आली.

"तुह्या गोड चहाचा वास आला का माहा जीव खालीवर होते," विठ्ठलराव म्हणाले. झालं, कपाला तीन चमचे घेणाऱ्या बाईनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला. संध्याकाळी फिरायला जायचं, तर एकट्यानं यांचा पाय उचलत नसे. मग बेबीताईही निघायच्या, वेशीपर्यंत जायचं आणि तुरीची शेतं बघत परत यायचं. चालण्याच्या नादात गुडघ्यांची कुरकुर करायलाही त्यांना सवड उरली नाही.

बाजाराच्या दिवशी मात्र घात झाला. पालेभाजी घेऊन वळतात तर हॉटेलात विठ्ठलराव आणि त्यांचा दोस्त उकंडा समोरासमोर बसलेले, मधे जिलेबीचा कागद.

"अजी!" बेबीताई दारातूनच कडाडल्या. "तिकडं मी चमचा चमचा मोजून राह्यली, न तुमी इथं जिलब्या हानून राह्यले?"

विठ्ठलरावांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. "येकच खाल्ली वं. तेवढ्यानं मले काय होते!"

"माह्या बापानंही असंच म्हनलं होतं!" त्यांचा आवाज चिरकला, डोळे भरून आले. "तुमाले काही झालं त मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

विठ्ठलराव उठले, भरबाजारात दोन्ही कान धरले आणि भाजीची पिशवी उचलून मुकाट्यानं पुढं चालू लागले. त्यानंतर जिलेबीचं नाव त्यांनी काढलं नाही.

तीन महिने भरले. तिघंही दारव्ह्याला गेले. सुई दिसताच विठ्ठलराव अडून बसले.

"पह्यले तू दे रक्त, मंगच मी देतो. मले भेव लागते."

शेतात काठीनं साप मारणारा हा माणूस! बेबीताईंनी हसत हात पुढं केला.

रिपोर्ट यायला दुपार झाली. बेबीताईंच्या डोळ्यांपुढं सारखी ती जिलेबी नाचत होती. आत बोलावलं तसं त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. डॉक्टरीणबाई कागद वाचून हसल्या.

"छान उतरलीय साखर. गोळीची गरज नाही. असंच घरचं खात राहा."

बेबीताईंनी तिथल्या तिथे हात जोडले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. अर्पितानं सासूच्या गळ्यात हात टाकले, तीही रडत होती.

"आयकलं का जी?" बेबीताईंनी नवऱ्याला गदागदा हलवलं. "टळली ना तुमची गोळी!"

विठ्ठलरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"माही साखर कवाच वाढली नव्हती वं," ते म्हणाले. "आज उतरली थे तुही हाय."