निघताना काय म्हणावं

"खोलीतून निघताना 'जाते' म्हणायचं हं, मॅडम. 'येते' म्हणालात तर इमारत तुम्हाला आतच धरते," कॉलेजच्या पाळणाघरातल्या सुलभामावशींनी बजावलं होतं. प्राध्यापक रेणुकानं ते हसून उडवलं होतं. "लेकराला 'जाते' कुणी म्हणतं का, मावशी?"

वीज वाचवायला ही इमारत बोलणं ऐकून माणसं मोजायची. आई आत असली की बाळाचं रडणं बाहेर पोचवणारा स्पीकर आणि वरचा पंखा बंद. आई वारा घालेलच की.

त्या दुपारी झोपलेल्या ओजसला "येते रे राजा" म्हणून ती लेक्चरला गेली. परतली तेव्हा मावशी जिन्यावर निवांत मेथी निवडत होत्या. तिला पाहून त्यांच्या हातातली जुडी गळाली.

"अगं बाई! स्पीकर बंद आहे, म्हणजे तुम्ही तर आत आहात ना?"

रेणुकानं जाड दार ढकललं. ओजस घामानं निथळत होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता आणि तो रिकाम्या खुर्चीकडे हात पसरत होता.

"आपण कोण?" छतातून हळू आवाज आला. "आई आत आहे."

तुमचं बाळ पलीकडच्या खोलीत निजलं असेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी त्याला बघून या.