चार नंबरची खुर्ची

डायलिसिसच्या चार नंबरच्या खुर्चीत सकाळी कोण बसतं, हे दुपारच्या पाळीला येणाऱ्या शिंपीकाकांनी कधी पाहिलंच नव्हतं. पण खुर्चीच्या कप्प्यातली कादंबरी दोघं मिळून वाचत होते आणि समासात पेन्सिलीने कचाकचा भांडत होते.

"नायक बावळट आहे!"

"आणि तुम्ही फार शहाणे!"

आज मात्र पान दोनशे बारापासून पुढे समास कोरेच. काकांनी नर्सला हाक मारली.

"सिस्टर, सकाळचे गृहस्थ... बरे आहेत ना?"

"त्यांना बहिणीने किडनी दिली, काका. आता इथे कशाला येतील?"

काकांनी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. खाली पेन्सिलीने लिहिलेलं तेच अक्षर होतं.


"शेवट वाचलेला नाही. किडनीसाठी तुमचा नंबर लागला, की घरी येऊन तो सांगा. पत्ता मागे लिहिलाय."