तिसरी वायर

दुबईतल्या लेकीने पाठवलेल्या पितळी दिव्याला तीन वायरी निघाल्या आणि इलोइलोतल्या त्या जुन्या लाकडी घराच्या भिंतीतून दोनच. मेन स्विच बंद करून स्टुलावर चढलेला मेल्चोर बायकोला म्हणाला, "अर्थिंगची ही हिरवी उगाचच आहे. कापून टाकतो."

"आणि ख्रिसमसला आलेल्या नातवाने दिव्याला हात लावला तर?"

"माझ्या बापाने केलेली वायरिंग आहे, लुझ. आजवर कुणाला साधा झटका बसलेला नाही."

"असं?" लुझने मेन स्विचवर हात ठेवला. "मग करू चालू?"

"अगं बये, वायर हातात आहे माझ्या!"

"बापाचीच ना?"

घामाघूम मेल्चोरने स्टुलावरूनच बाळ येशूची शपथ घेतली. वायरमन बोलवेन, घरभर अर्थिंग करून घेईन, वेळ पडली तर झुंजीचा कोंबडाही विकेन.

तो खाली उतरल्यावरच लुझने स्विच चालू केला. पंखा हलला नाही, फ्रिजही गुरगुरला नाही.

"हे काय?"

"कोंबड्यांतून डोकं वर काढलंस तर कळेल. अख्ख्या गल्लीची वीज सकाळपासून बंद आहे. म्हणून तर दिवा आज खोक्यातून काढून दिला. एरवी तुला त्या वायरींना हात लावू दिला असता होय?"