थांबणाऱ्या फरश्या

शालनताईंनी शेवटची फरशी रबरी हातोडीने ठोकून बसवली. दिगंबरराव स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभे होते. कंपवातामुळे दारापाशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. वर्षभर ते आत आलेच नव्हते.

या फरश्या तळव्याच्या हालचालीवरून चालणाऱ्याचा मनसुबा ओळखत आणि पुढची जागा उजळवत. त्या उजेडावर पाय टाकायला अडखळलेल्या मेंदूलाही जमे. पण त्या बनवल्या होत्या भरभर चालणाऱ्यांसाठी. दिगंबररावांचं पाऊल उचललं जाईपर्यंत उजेड विझून जाई. म्हणून शालनताईंनी एकेक फरशी उलटी करून, आतली जोडणी बदलून, तिला थांबायला शिकवलं होतं.

"अहो, या आता."

पहिली फरशी उजळली. दिगंबररावांचा पाय नुसताच थरथरला. उजेड मात्र विझला नाही. बऱ्याच वेळाने पाऊल उचललं गेलं आणि उजेडावर टेकलं. पुढची फरशी उजळली, मग तिच्या पुढची. दिगंबरराव ओट्यापाशी पोचले.

"काय हवंय? मी देते ना," शालनताई उठू लागल्या.

"बस गं, दमलीस. चहा मी टाकतो," ते म्हणाले आणि डबे उघडून पाहू लागले. "हल्ली साखर कुठे ठेवतेस?"