बारावी तपासणी

“अकरा तपासण्या, अकराही नॉर्मल,” नवऱ्याने माझी फाईल मिटली. “मग दिवसभर लोळायला तुला झालंय तरी काय?”

काहीच नाही. मार्चमध्ये व्हायरल ताप आला, पाच दिवसांत गेला, जाताना अंगातली ताकद घेऊन गेला, एवढंच. आता लेकीची वेणी घालतानाही मध्ये टेकावं लागतं. डॉक्टर म्हणाल्या, कधीकधी विषाणू जातो, थकवा राहतो. महिनाभर विश्रांती घ्या. पण विश्रांती मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणजे नवऱ्याच्या मते ते औषधच नव्हे.

शेवटी सासूबाईंनी दृष्ट काढायला घेतली. मीठ-मिरच्या माझ्यावरून ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली, लागला तर ढोंग.

मला जोरात ठसका लागला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, रिकामा मिक्सर सुरू केला आणि माझं खोकून होईपर्यंत चालूच ठेवला.

“जराही ठसका नाही तिला,” बाहेर जाऊन त्यांनी मुलाला सांगितलं. “जबर दृष्ट आहे. महिनाभर उठवायचं नाही.”

तेवढ्यात धूर तिथवर पोचला आणि नवरा खोकू लागला.

सासूबाई त्याला म्हणाल्या, “बघ, तू ठणठणीत आहेस. चल, कणीक भिजव.”