चौदावं कलम

"ज्यांना हे अजिबात चालणार नाही, त्यांनी आत्ताच बोलावं," अध्यक्ष गॉर्डन ट्रास्क म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

विनिपेगच्या हॉटेलात बैठकीचा तिसरा दिवस. इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची किमान सोय कोणती हवी, हे अठरा माणसं ठरवत होती. कलम चौदा होतं गिऱ्हाइकाच्या खात्यात कोण, कधी शिरलं याच्या नोंदीचं. मसुद्याप्रमाणे ती फक्त मोठ्या गिऱ्हाइकांना मिळणार. बाकीच्यांनी हवी तर विकत घ्यावी.

या समितीत मतदान नसतं. कुणी बोललं नाही, की सगळ्यांना मान्य. एका खेड्यातल्या छोट्या हॉस्पिटलातून आलेल्या लोर्ना पेटकाऊला हेच गेल्या बैठकीत नडलं होतं. तिच्या गावात पटलं नाही की माणसं तोंड मिटून बसतात आणि समोरचा काय ते समजतो. तीही ओठ आवळून, हाताची घडी घालून बसली होती. इतिवृत्तात छापून आलं, 'सर्वसंमत'. वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

मसुद्याचं आजचं वाचन शेवटचं, यानंतर बदल नाही.

"मला चालणार नाही," लोर्ना म्हणाली. आवाज चिरकाच निघाला. सतरा माना वळल्या.

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वतीनं आलेला ब्राइस हॅलोरन हसला. "अहो लोर्ना, तुमचं बावीस खाटांचं हॉस्पिटल. एवढी नोंद वाचणार कोण तिथं?"

"मीच. कॉम्प्युटर बघायला दुसरं आहे कोण?" तिनं दम घेतला. "ऑक्टोबरात आमच्या खात्यात कुणीतरी शिरलं. कुणाकुणाचे कागद उघडले, म्हणून कंपनीला विचारलं, तर म्हणाले, ते मोठ्या पॅकेजमध्ये येतं. मग आठशे पेशंटांना मी पत्रं धाडली. तुमचे कागद बघितले असतील, नसतीलही. आता किराणा घ्यायला गेले तरी बायका अडवून विचारतात, माझे बघितले का गं?"

"वाईट झालं," ब्राइस म्हणाला. "पण नोंद ठेवायची तर खर्च येतो."

"येतो कसला!" हे त्याच्या शेजारून आलं. मिरेय गान्यों, कंपन्यांच्याच बाजूची जुनी इंजिनिअर, चष्मा पुसत होती. "नोंद आपण सगळ्यांचीच ठेवतो, ब्राइस. लहानांना दाखवत नाही, एवढंच."

ट्रास्कनी 'फक्त मोठ्या गिऱ्हाइकांना' खोडून 'प्रत्येक गिऱ्हाइकाला' लिहिलं, पुढे 'जादा पैसे न घेता' जोडलं आणि सगळं मोठ्यानं वाचलं. "हे कुणाला अजिबात चालणार नाही?"

ब्राइसनं पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. बोलला मात्र नाही.

"झालं. कलम पंधरा."

लोर्नाच्या चर्चच्या माणसांत अभिमान पापातच मोडतो. तरी त्या घटकेला तिचा ऊर भरून आला, आणि तिनं तो खुशाल भरू दिला.

संध्याकाळी गाडी सुरू करताना नवऱ्याचा, एबचा, फोन आला. "तीन दिवस बसून केलंत तरी काय?"

"एक वाक्य."

"एकच? त्यावर नाव तरी आहे का तुझं?"

"नाव कुणाचंच नसतं. पण मोठ्यातल्या मोठ्या कंपनीला ते पाळावं लागतं."

"बरं. मग चर्चमध्ये कुणी विचारलं तर काय सांगू? समितीनं केलं म्हणू?"

लोर्नानं सीटबेल्ट लावला.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या बायकोनं केलं म्हण."