दांडीवरचं वंगण

कुमुदने साखळीचं काळं वंगण बोटावर घेतलं आणि तीनचाकी सायकलच्या मागच्या दांडीला गुपचूप फासलं. लेकीची चोरी आज पकडायचीच होती.

हातांनी पेडल मारायची ही सायकल येऊन आठवडा झाला होता. पोलिओने पाय गेलेल्या आपल्यासारख्या बाईला शाळेचा चढ इतका सहज चढता येईल? शक्यच नाही. कार्टी मागून ढकलत असणार. विचारलं की म्हणायची, “छे गं आई, मी हातसुद्धा लावत नाही.” मान वळवून बघावं तर हँडल वाकडं जायचं. लोकांची दया कुमुदने जन्मभर ओळखली होती, ती काय आज फसणार होती?

दोघी शाळेकडे निघाल्या, लेक मागून चालत. चढ लागला. खांदे भरून आले, पण सायकल कुठे अडली नाही. शाळेच्या फाटकाशी कुमुदने करकचून ब्रेक दाबला आणि पुढेच बघत दरडावलं, “आधी हात दाखव!”

तिने वळून पाहिलं. लेक खाली, चढाच्या मध्यावर, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

“आई, थांब ना गं! किती पळवतेस!”

कुबड्या घेऊन मैत्रिणींच्या मागे जाताना कुमुद अशीच ओरडायची. त्या पुढून काय उत्तर द्यायच्या, तेही तिला पाठ होतं.

तिने मोठ्या थाटात हाक दिली, “पाय उचल की जरा!”